झोपलेल्या मठाची शेवटची खोली

तुरुंग, ६ मार्च २०१६

एन्ग्रा,

खेळाच्या खोल्या काढायला तू पाठवलेला ठिपक्यांच्या कागदांचा गठ्ठा मिळाला. दारावरच्या शिपायाने तो उन्हात धरून पाहिला, वास घेतला, एक कागद तर चाटूनही पाहिला. मग माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच वेडा.

सोबत मठाचं स्वयंपाकघर काढून पाठवतोय. आपल्या लहानपणीच्या खेळांसारखंच, छताच्या कोपऱ्यात बसलेल्या पालीला दिसेल तशी तिरकी खोली. झोपेत चालणारा भटारी साधू चुलीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालतो. खेळातली लेइरे पिठाचं पोतं ढकलत त्याच्या वाटेत आणते, तो अडून माघारी वळतो, तेवढ्यात तिने पोत्यावर चढून फळीवरची किल्ली उचलायची. धक्का लागला की साधू जागा होतो आणि खेळ खलास. जमेल ना तुला याचा प्रोग्राम लिहायला?

चर्चमधल्या माझ्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला सगळ्या मामा-काकांनी मिळून मेगाड्राइव्ह हा व्हिडिओ गेमचा डबा दिला होता, आठवतं? तू तीन वर्षांनी मोठी असून माझ्या हातातून जॉयस्टिक हिसकावून घ्यायचीस. आता तू मिठाईच्या कारखान्यातून घरी येऊन त्याच जुन्या डब्यासाठी नवा खेळ लिहितेस आणि मी गजांआड बसून त्याच्या खोल्या काढतो. लोकांना सांगितलं तर पोट धरून हसतील. हसू देत. खेळ पुरा करायचा, कॅसेट बनवायची, आणि खऱ्या लेइरेच्या, माझ्या लेकीच्या, शेजारी जमिनीवर बसून तिला खेळताना बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात आहे.

ती इथे भेटायला येणार नाही हे मी मान्य केलंय. पहिल्या भेटीला मागचं लोखंडी दार आपटलं तेव्हा पोरीचं जे झालं ते पुन्हा नको. पण मेमध्ये कैद्यांच्या सुट्ट्या ठरवणारं मंडळ बसेल. माझी वागणूक चांगली आहे, धुण्याच्या खात्यात कुणाची तक्रार नाही, पहिली सुट्टी मिळायला हरकत नाही. पिऊन ट्रक चालवला आणि एका माणसाचा जीव घेतला, त्याची शिक्षा भोगतोय, त्याबद्दल मी कुरकुर करत नाही. मला फक्त तीन दिवस हवेत.

आपली पत्रं उघडून वाचणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार. तूही करत जा. आपला तिसरा वाचक आहे तो. बिचाऱ्याला घरी कोणी काही सांगत नसेल.

ब्राउलिओ


सारागोसा, १४ मार्च

मान्यो,

नाक मुरडू नकोस, आपल्या गावात ऐंशीच्या म्हाताऱ्यालाही लाडाने मान्यो म्हणतात, तू कोण लागून गेलास. तिसऱ्या वाचकांनाही नमस्कार.

स्वयंपाकघर बांधलं. पण तू पुन्हा सावली विसरलास. किती वेळा सांगू? आपल्या या तिरक्या चित्रात लांबची वस्तू लहान दिसत नाही. त्यामुळे फळी भिंतीला चिकटलेली आहे की खोलीच्या मधोमध तरंगतेय, हे नुसतं बघून कळतच नाही. दोन वस्तू एकमेकींना टेकल्यासारख्या दिसतात आणि मध्ये अख्खं अंगण असू शकतं. खाली जमिनीवर सावली काढलीस तरच कळतं वस्तू खरी कुठे आहे ते. तुझी फळी मी जवळची समजून बांधली. पोरगी ऐटीत उडी मारते आणि थेट चुलीत. चार वेळा भाजून निघाली बिचारी.

बाकी इथे सिएर्सो वारा सुटलाय, कपडे दोरीवर राहत नाहीत. गल्लीत ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या ढोलांचा सराव चालू आहे, डोकं भणभणतं.

आता जे लिहायचं ते लिहायला हात धजत नाही. तुझी इदोया काल कारखान्याच्या दारात भेटली. तिला चिलीत इस्पितळात नोकरी मिळालीय. कायमची. आपल्या लेकीला, लेइरेला, घेऊन जातेय. विमान पंचवीस जूनचं. मी म्हटलं, "अगं, त्याला निदान विचार तरी." ती म्हणाली, "एन्ग्रासिया, मी त्याला बरंच काही विचारलं होतं. गाडीत बसताना का पितोस, हेसुद्धा विचारलं होतं."

तुझी सुट्टी मेमध्ये आहे. त्यांचं विमान जूनमध्ये. धीर धर.

एन्ग्रासिया


तुरुंग, २३ मार्च

एन्ग्रा,

तुझं पत्र वाचून दिवसभर चादरी चुकीच्या गाडीत भरत होतो. मुकादमाने शिव्या घातल्या.

इदोयाशी भांडू नकोस. तिचं बरोबर आहे. पण लेइरे दहा वर्षांची आहे. मी सुटेन तेव्हा ती तेरा-चौदाची होईल, तिकडची बोली, तिकडच्या मैत्रिणी. मला ओळखेल, नाही असं नाही, पण फोटोतल्या मामाला ओळखतात तसं. जाण्याआधी मला तिला एकदा जवळ घेता आलं पाहिजे. त्यानंतर काय व्हायचं ते होवो.

मे. मे म्हणजे हाताशी आहे. मी डोळ्यात तेल घालून वागतोय. सोबत पाच खोल्या पाठवतो: कोठार, घंटेचा जिना, विहीर, पहारेकऱ्यांचा सज्जा आणि किल्ल्यांची खोली. सज्ज्यातले दोन साधू कधी पाठमोरे होतात ते बाजूला लिहिलंय. सावल्या काढल्यात, बघ. आता तरी माझी बिनपाण्याची हजामत करू नकोस.

ब्राउलिओ


सारागोसा, ११ एप्रिल

मा. संचालक यांस,

मी आपल्याकडील कैदी ब्राउलिओ लाओस याची बहीण. त्याने मला पाठवलेलं २३ मार्चचं पत्र आपल्या कार्यालयाने तीन आठवडे अडवलं आणि त्यातली चित्रं जप्त केल्याचं काल टेलिफोनवर कळलं. चित्रांत पहारेकरी, किल्ल्या, जिने आणि ते टाळून जायची वेळ असल्यामुळे तो पळून जायचा बेत आहे असा संशय आहे, असंही कळलं.

साहेब, तो व्हिडिओ गेम आहे. सोबत तयार झालेल्या खोल्यांची कॅसेट आणि जुना मेगाड्राइव्ह पाठवते आहे, तारा आणि जॉयस्टिकसकट. कृपया टीव्हीला जोडून आपणच खेळून पाहा. आपल्या तुरुंगात विहीर नाही, घंटेचा मनोरा नाही, आणि झोपेत चालणारे साधू तर नक्कीच नसावेत. माझा भाऊ दोषी आहे, पण मूर्ख नाही. पळून जायचं असतं तर त्याने नकाशा तुमच्याच टपालातून पाठवला असता का?

त्याला एक मुलगी आहे. ती जूनमध्ये देश सोडून जाते आहे. या संशयापायी त्याची मे महिन्यातली सुट्टी गेली तर तो तिला पुन्हा भेटणार नाही. या चित्रांत काहीही काळंबेरं नाही हे मी आईच्या कबरीची शपथ घेऊन लिहून देते.

आपली,
एन्ग्रासिया लाओस


तुरुंग, ९ मे

एन्ग्रा,

चित्रं परत मिळाली, तुझा मेगाड्राइव्हही ते परत पाठवतायत. काल पत्रांच्या खात्यातल्या साहेबाने मला बोलावलं. गोल चेहऱ्याचा, टक्कल पडलेला, जुनाट स्वेटर घातलेला माणूस. म्हणजे हा आपला तिसरा वाचक. दार लावून घेतलं आणि हळूच विचारतो, "ते स्वयंपाकघर. किल्ली घेतल्यावर दुसऱ्या दाराने जायचं की त्याच?" मी सांगितलं, त्याच. म्हणाला, "तरीच. आठवडाभर अडकलोय."

मला हसू आलं. मग त्याने मंडळाचा कागद पुढे केला.

सुट्टी नाही. चौकशी चालू असताना प्रकरण पुढे ढकललं, आता ऑक्टोबरमध्ये विचार करू. चौकशीत काही निघालं नाही हे त्यांना मान्य आहे, पण मंडळाची बैठक होऊन गेली, आता दुसरी बैठक होईल तेव्हा. "माझी चूक झाली," असं तो साहेब म्हणाला. "मी चित्रं अडवली नसती तर." त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. त्याच्यावर ओरडायचंसुद्धा मला जमलं नाही.

ऑक्टोबर, एन्ग्रा. ऑक्टोबरमध्ये मला सुट्टी मिळेल आणि मी बाहेर येऊन काय करू? तुझ्याबरोबर बोराखाची पालेभाजी खात बसू?

ब्राउलिओ


सारागोसा, १६ मे

मान्यो,

काय लिहू. तुझ्या वकीलबाईंनी सुट्टीसाठी न्यायाधीशांकडे अर्ज केलाय, पण त्यांनीच सांगितलं, जूनअखेरच्या आत उत्तर येणार नाही.

मी इदोयाकडे गेले. नुसतं पाया पडायचं बाकी ठेवलं. इदोया तयार झाली. म्हणाली, "एकदा नेते, पण लेइरे हो म्हणाली तरच." लेइरेने हो म्हटलं. शनिवारी सकाळी तिने केस विंचरले, नवा फ्रॉक घातला, गाडीत बसली. तुरुंगाचा मनोरा दिसेपर्यंत ठीक होती. मग उलट्या सुरू झाल्या. दार उघडून पळत निघाली, भर रस्त्यात. मी तिला मिठीत धरून ठेवलं, पोरगी चिमणीसारखी धडधडत होती. "आत्या, तो रागावेल का?" म्हणाली. मी म्हटलं, बाबा तुझ्यावर कधीच रागावत नाही.

आम्ही परत फिरलो. तुला हे सांगायचं नव्हतं, पण शनिवारी तू काचेपाशी वाट बघत बसला असशील म्हणून सांगते. खेळाचं काम थांबवू नकोस. तिच्या बॅगेत कॅसेट घालून द्यायची आहे. दोघांना तेवढाच आधार.

एन्ग्रासिया


तुरुंग, २७ मे

एन्ग्रा,

लेइरेला सांग, बाबा रागावला नाही.

मी आता शांत आहे. झोप लागते, जेवतो. तू काळजी करू नकोस.

सोबत शेवटच्या तीन खोल्या. मठाचं धुणंघर, धुणंघराचं छत, आणि शेवटची, छतावरून बाहेरच्या तटावर उडी. पलीकडे मठ संपतो आणि लेइरे मोकळी होते. या तिन्ही जशा काढल्यात तशाच बांध. आपल्या डोक्याने सुधारणा करायच्या नाहीत, एक वीटसुद्धा इकडची तिकडे नको. साधू कुठे थांबतो, कुठे वळतो, किती वेळाने परत येतो, सगळं बाजूला लिहिलंय, अगदी तसंच ठेव. रात्र सान हुआनच्या सणातल्या शेकोटीची आहे, म्हणून बाकीचे साधू अंगणात गाणी ऐकत असतात. धुणंघरावर एकच उरतो.

बांधून झालं की खेळून बघ. पुन्हा पुन्हा खेळ. ती पार होते का, आणि होत असेल तर कुठे वेळ कमी पडतो, मला सविस्तर कळव. घाई आहे, पंचवीसच्या आधी कॅसेट व्हायला हवी.

ब्राउलिओ


सारागोसा, ५ जून
(वकीलबाईंच्या हाती, त्यांची पाकिटं तुरुंगात उघडत नाहीत)

ब्राउलिओ,

हे पत्र त्या बाईंच्या समोर वाच आणि तिथेच फाडून टाक. काचेमागच्या फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहिते.

काल तुझ्या तिन्ही खोल्या बांधल्या. तू सांगितलंस तसंच, एक वीटही न हलवता. धुणंघरात चाकांच्या गाड्या. मला वाटलं, मठात चाकांच्या गाड्या कुठून आल्या? तरी केल्या. मग तो साधू. भिंतीच्या टोकापर्यंत जातो, थांबतो, परत येतो. तू बाजूला लिहिलंस, "इथे थांबतो, विडी ओढतो." झोपेतला माणूस विडी ओढतो का रे? मग छत काढलं, छताच्या टोकाला वाकडं धुराडं, वर पत्र्याची टोपी. ते धुराडं मी ओळखते. भेटीच्या रांगेत उभं राहून वर्षभर तेच तर बघतेय.

हा मठ नाही. ही तुझी धुण्याची जागा आहे, तो तुमचा शिपाई आहे, आणि शेकोटीची रात्र म्हणजे तेवीस जून. तू मला खेळ बांधायला सांगत नाहीस, तू पळून जायच्या बेताची तालीम माझ्याकडून करून घेतोस. मी ज्याच्यासाठी आईच्या कबरीची शपथ घेतली त्या माझ्या भावाने मला असं वापरलं. जाऊ दे. ते रडगाणं नंतर.

आता कान देऊन ऐक. मी तुझी ती पोरगी छतावरून उडवली. पडली. पुन्हा उडवली, पुन्हा पडली. कारखान्यात आजारी असल्याचं सांगून दिवसभर तेच करत बसले. तुझ्या चित्रात छताची कड आणि तटाची कड एकमेकींना टेकलेली आहेत, कारण तुला खिडकीतून तसं दिसतं. तू त्याखाली सावली काढली नाहीस, कारण खालची जमीन तुला तिथून दिसतच नाही. मी आज रस्त्यापलीकडच्या टेकाडावर चढून स्वतः पाहिलं. छत कुठे आणि तट कुठे. मध्ये वाट आहे, ब्राउलिओ, गस्तीची गाडी जाईल एवढी, आणि खाली सिमेंट. तीन मजले खाली. कुणीही माणूस ती उडी मारू शकत नाही.

आणि समज, मारलीस. पोचलास. मग? लेइरेच्या दाराशी तुझ्याआधी पोलीस असतील. तिच्यासमोर तुला जमिनीवर पाडून बेड्या घालतील. हेच दाखवायचंय तिला जाता जाता?

मला एका ओळीने कळव की बेत सोडलास. मी तुझी मोठी बहीण आहे. तुला मरू देणार नाही.

एन्ग्रासिया


तुरुंग, १२ जून

एन्ग्रा,

शेवटच्या खोलीबद्दलचा तुझा निरोप मिळाला. तू भलताच अर्थ काढलास. अगं, खेळ आहे, खेळासारखा घे. तुला कामाचा ताण आलाय, जरा झोप काढ.

पण खोलीबद्दल तुझं चुकतंय. छत आणि तट टेकलेलेच आहेत. मी ते रोज बघतो. कागदावर, म्हणजे. तू लांबून बघतेस, म्हणून तुला मध्ये अंतर दिसतं. टेकाडावरून सगळंच पसरट दिसतं.

बरं, तुझ्या समाधानासाठी धरून चालू की थोडं अंतर आहे. मग पोरगी धावत येऊन उडी मारेल. धुराड्यापासून धावली तर जमेल का, तेवढं बघून सांग. आणि कमरेला दोर बांधून, दुसरं टोक धुराड्याला अडकवलं तर? चादरी पिळून केलेला दोर चालतो ना खेळात?

उत्तर तेवीसच्या आत पोचायला हवं. नाही आलं तरी हरकत नाही. लेइरेला माझा पापा.

ब्राउलिओ


सारागोसा, १८ जून
(तुरुंगाच्या दारात, हातोहात)

साहेब,

पाकिटावर माझ्या भावाचं नाव आहे, पण हे पत्र तुमच्यासाठी आहे. तुम्ही ते आधी वाचता म्हणून.

एप्रिलमध्ये मी तुमच्या संचालकांना शपथेवर लिहिलं होतं की त्या चित्रांत काही नाही. तेव्हा ते खरं होतं. आता खरं नाही. तेवीस तारखेला, अंगणात सान हुआनची गाणी चालू असताना, माझा भाऊ धुण्याच्या खात्यातून कपड्यांच्या गाडीत लपून वर जाणार आहे आणि छतावरून बाहेरच्या तटावर उडी मारणार आहे. त्याला वाटतं दोन्ही टेकलेले आहेत. ते टेकलेले नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. चादरी पिळून केलेला दोर तिथेच कुठेतरी असेल, शोधा.

मी त्याला समजावलं, तो ऐकत नाही. दुसरा कोणताही मार्ग मला उरलेला नाही. तुम्ही मेमध्ये त्याला म्हणाला होता, चूक झाली. मग आता एवढं करा. त्याला मारहाण होऊ देऊ नका, आणि तो एकटा राहील अशा ठिकाणी ठेवाल तर त्याच्यावर नजर ठेवा. तो वाईट माणूस नाही. त्याला आपल्या मुलीला भेटायचं आहे आणि त्यापुढे त्याला काही दिसेनासं झालंय.

ब्राउलिओ, हे पत्र कधीतरी तुझ्याही हातात पडेल. मीच सांगितलं. दुसऱ्या कुणावर संशय घेऊ नकोस. आता सुट्टी नाही, ऑक्टोबरही नाही, लेइरेही नाही, सगळं मी माझ्या हाताने घालवलं. मी इदोयाच्या हातापाया पडून एक मागितलंय. पंचवीसला माद्रिदच्या विमानतळाकडे जाताना तुरुंगासमोरच्या हमरस्त्यावर तिने गाडी हळू करायची आणि लेइरेने हात हलवायचा. दार नाही, आत यायचं नाही. इदोया बघते म्हणालीय. तुला कुठल्या खिडकीतून तो रस्ता दिसेल का, मला माहीत नाही.

मला हवे ते शिव्याशाप दे. पण जिवंत राहून दे.

एन्ग्रासिया


माद्रिदच्या गाडीतून, २५ जून

एन्ग्रासिया,

रेल्वेत बसून लिहितेय, माद्रिदला उतरले की टपालात टाकीन. तू सांगितलेलं विसरले नव्हते. पण आमची गाडी गेल्या आठवड्यात विकली गेली, गिऱ्हाईकाला घाई होती. टॅक्सी करून जाऊ या का, असं लेइरेला विचारलं, म्हटलं, वाटेत बाबाला हात करता येईल. तिने पिशवी पाठीवर चढवली. मग म्हणाली, "ट्रेनने जाऊ." मी पुन्हा विचारलं नाही. पोरीवर जबरदस्ती माझ्याने होत नाही.

ती आता खिडकीला डोकं टेकून झोपलीय. कॅसेट तिच्या पाठीवरच्या पिशवीत आहे. त्याच्या बाबतीत जे झालं ते वकीलबाईंकडून कळलं. तुझ्या जागी मी असते तर मलाही दुसरं काही सुचलं नसतं.

पोचल्यावर लिहीन.

इदोया


तुरुंग, एकांतकोठडी, १० जुलै

एन्ग्रा,

अठराला संध्याकाळी ते आले. चादरींचा दोर सापडला. मारलं कुणी नाही. तिसरा वाचक दारात उभा होता, माझ्याकडे न बघता.

तुझं पत्र मला पाचव्या दिवशी दिलं. मी ते फाडलं, मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं, मग पुन्हा फाडलं. तुझ्या नावाने जे जे बोललो ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याची लाज वाटते. मनात ठरवलं होतं की तुला पुन्हा एक अक्षर लिहायचं नाही.

पण या कोठडीची खिडकी दुसऱ्या बाजूला आहे. इथून धुणंघराचं छत बाजूने दिसतं. पहिल्या सकाळी मी गजाला धरून वर चढलो आणि पाहिलं. छत, मग वाट, मग तट. वाटेवरून गस्तीची गाडी गेली आणि दोन्ही बाजूंना जागा उरली. मी तिथून धावत सुटणार होतो, एन्ग्रा. अंधारात. दोर मी कमरेला बांधणारच नव्हतो, वेळ वाया जाईल म्हणून. मी गज सोडले आणि जमिनीवर बसलो.

तुला माफ केलं असं लिहायला बसलो होतो. जमत नाही. लेइरे गेली, आणि मी तिला पाहिलं असतं की नसतं हे मला आता कधीच कळणार नाही. पण तू नसतीस तर हे पत्र लिहायला मी नसतो, हेही मला कळतं. दोन्ही एकदम पोटात घेऊन बसलोय.

एक सांग. याच खिडकीतून हमरस्त्याचा एक तुकडा दिसतो. पंचवीसला सकाळी उजाडल्यापासून मी तिथे उभा होतो. जेवण आलं, ते तसंच ठेवलं. गाड्या भरधाव जात होत्या. दुपारी कधीतरी एक पांढरी गाडी हळू झाली, अगदी हळू, मागून लोक भोंगे वाजवायला लागले. मागची काच खाली आली आणि एक हात बाहेर आला. लहान हात. हातात काहीतरी लाल होतं. मी ओरडलो, खूप ओरडलो, शिपाई धावत आला.

तीच होती ना? मला दुसरं काही नको. तेवढं मला कळव. कुणी पोरगं वाऱ्यात कागद धरून खेळत असेल, असंही मनात येतं.

ब्राउलिओ


सारागोसा, १६ जुलै

मान्यो,

हो, तीच होती. पांढरी गाडी इदोयाच्या भावाची, तो त्यांना माद्रिदला सोडायला गेला होता. मागे लोक भोंगे वाजवत होते तरी तिने त्याला गाडी पुढे काढू दिली नाही, काच स्वतःच खाली केली. लाल होती ती तिची टोपी, मी घेऊन दिलेली.

साहेब, तुमच्यासाठीच्या या दोन ओळी कापून काढा आणि मग हे पत्र आजच्या आज त्याच्या हातात द्या. इदोयाने त्याला पंचवीस तारखेबद्दल काही लिहिलं तर ते तुमच्यापाशीच राहू द्या.

ब्राउलिओ, तिने तिकडून विचारलंय, बाबाने पाहिलं का. मी कळवते तिला, पाहिलं म्हणून.

एन्ग्रासिया